‘सरळ बस’ पुरे झालं: मुलांच्या पोकावर आणि कमरेच्या बाकावर घरी करायचे व्यायाम

माझ्याकडे मुलाला घेऊन येणाऱ्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. “दिवसातून पन्नास वेळा सांगते, सरळ बस. पण ऐकेल तर शपथ!” हे कानावर पडताच मूल माझ्यासमोर ताठ होतं. छाती पुढे, खांदे मागे ओढलेले, कमरेत खोल खड्डा आणि श्वास रोखलेला. मी काही न बोलता घड्याळाकडे बघत राहते. मागे आलेला १२ वर्षांचा एक मुलगा २२ सेकंद टिकला. मग हनुवटी पुढे सरकली, पाठ गोल झाली, खांदे गळले. आई म्हणाली, “बघा, हे असं!” त्यावर मुलगा चिडून म्हणाला, “मी सरळच बसलोय.”

तो खोटं बोलत नव्हता. रोज पाच-सहा तास ज्या स्थितीत शरीर राहतं, तीच त्याला सरळ वाटायला लागते. आणि खरोखर सरळ राहायला जे स्नायू लागतात त्यांचा दम २२ सेकंदांत संपला होता. म्हणजे ऐकत नाही हा प्रश्नच नव्हता, जमत नाही हा प्रश्न होता. मी गेली १९ वर्षं फिजिओथेरपी करते आहे आणि त्यातली बरीचशी शाळकरी मुलांसोबत गेली. इतक्या वर्षांत ‘सरळ बस’ म्हटल्याने सुधारलेलं एकही मूल माझ्या पाहण्यात नाही. आखडलेलं काय आहे ते सैल केलं, ढिलं काय आहे त्याला काम दिलं, तर फरक पडतो. तो कसा करायचा ते सांगते.

तंबूचा खांब डोळ्यांसमोर आणा. चारही बाजूंचे दोर सारखे ताणलेले असतील तर खांब उभा राहतो. पुढचे दोर आखडले आणि मागचे सैल पडले की तो पुढे कलतो. खांबाला कितीही ओरडा, दोर बदलल्याशिवाय तो हलणार नाही. चेक डॉक्टर व्लादिमीर यांदा (१९२८–२००२) यांनी या ओढाताणीची एक ठरावीक नक्षी दाखवून दिली. काही स्नायूंचा कल आखडण्याकडे असतो, काहींचा ढिलं पडण्याकडे. बाजूने पाहिलं तर हे दोन गट एकमेकांना छेदून फुलीसारखे दिसतात.

वरची फुली मान आणि खांद्यांत असते. छातीचे स्नायू आणि मानेच्या मागचे-वरचे स्नायू आखडतात. त्याच वेळी मानेचे पुढचे खोल स्नायू आणि खांद्याची पाती खाली-मागे धरून ठेवणारे स्नायू ढिले पडतात. परिणाम आपण रोज बघतो: डोकं पुढे, खांदे गोल, पाठीला पोक. खालची फुली कमरेत. मांडी वर उचलणारे खुब्याच्या पुढचे स्नायू आणि कमरेचे मागचे स्नायू आखडतात, पोट आणि कुल्ले ढिले पडतात. अशा मुलाचं पोट पुढे येतं आणि कमरेत खड्डा पडतो. काहींमध्ये दोन्ही फुल्या एकत्र सापडतात. प्रत्येक मूल या चौकटीत बसत नाही, म्हणूनच आधी मोजायचं.

कुणाला हे व्यायाम द्यायचे नाहीत

हा भाग सोडून पुढे जाऊ नका, कारण इथे मी स्वतः चुकले आहे.

सुरुवातीच्या वर्षांत ११ वर्षांची एक मुलगी आली. उजवा खांदा वर, उजवं पातं थोडं बाहेर. ती दप्तर एकाच खांद्यावर अडकवायची. मी मनाशी म्हटलं, झालं, दप्तराचाच प्रताप. ताण दिले, व्यायाम दिले. तीन महिन्यांनी खांदा होता तिथेच. तेव्हा कुठे मला तिला पुढे वाकवून बघायचं सुचलं. पाठीच्या उजव्या बाजूच्या बरगड्या स्पष्ट वर आल्या होत्या. तो स्नायूंचा असमतोल नव्हता, कणाच वळलेला होता. क्ष-किरण तपासणीत हे वळण १० अंश किंवा त्याहून जास्त भरलं तर त्याला स्कोलिओसिस म्हणतात, आणि वाढीच्या वयात ते झपाट्याने वाढू शकतं. माझ्यामुळे तिचे तीन महिने गेले. त्या दिवसापासून माझ्याकडे येणारं प्रत्येक मूल आधी वाकतं.

तुम्हीही तेच करा. मुलाचा शर्ट काढा, किंवा पाठ दिसेल असे कपडे घाला. पाय जुळवून, गुडघे सरळ, दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवून, हात लोंबकळत सोडून हळूहळू पुढे वाकू द्या. तुम्ही मागे बसा, डोळे त्याच्या पाठीच्या पातळीवर आणा. एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली तर व्यायाम बाजूला ठेवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. स्कोलिओसिससाठीचे व्यायाम वेगळे असतात, ते वळण बघून शिकवावे लागतात.

मग बाजूने बघा. वाकल्यावर पाठीचा बाक कमानीसारखा हवा. एका जागी टोकदार उंचवटा दिसत असेल, आणि पालथं झोपवून छाती उचलायला सांगितल्यावरही तो सपाट होत नसेल, तर मणक्यांच्या आकारातच फरक असू शकतो. शॉयरमान नावाचा असा एक विकार किशोरवयात दिसतो. सवयीचं पोक पालथं पडून छाती उचलली की विरघळतं. हाच दोघांतला फरक.

याशिवाय रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, घटणारं वजन, पायात मुंग्या किंवा अशक्तपणा, चालण्यात पडलेला फरक, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, यांतलं काहीही असेल तर थेट डॉक्टर. खेळाडू मुलाची कंबर मागे वाकताना सतत दुखत असेल तर तिथेही आधी तपासणी, कारण कमरेच्या खालच्या मणक्याला बारीक चीर गेलेली असू शकते.

आणि चार-पाच वर्षांच्या मुलाचं पोट पुढे दिसतं म्हणून हे वाचत असाल तर निश्चिंत व्हा. त्या वयात पोट पुढे आणि कमरेत बाक असायचाच. साधारण आठ वर्षांपर्यंत मी व्यायामाचा कागद देतच नाही. लोंबकळणं, चढणं, रांगणं, मोठ्या माणसाने पाय धरून मुलाने हातांवर चालायचं, एवढं पुरतं.

पाच मापं, वहीत लिहून

एक वही करा. तारीख टाका. मोजलं नाही तर सहा आठवड्यांनी ‘थोडा फरक वाटतोय’ यापलीकडे हाती काही लागत नाही.

पहिलं माप माझ्या सर्वांत आवडीचं. माथियास या जर्मन अस्थिरोगतज्ज्ञांच्या नावाने ते ओळखलं जातं. मुलाला जमेल तितकं सरळ उभं करा. दोन्ही हात समोर, खांद्याच्या पातळीत. आता ३० सेकंद. बाजूने बघत राहा. हात पुढे गेले की शरीराचा तोल पुढे जातो आणि तो सावरायला पोट, पाठ, कुल्ले सगळ्यांना कामाला लागावं लागतं. ज्यांचे स्नायू तयार असतात ते मूल किंचित मागे झुकून तसंच उभं राहतं. बाकीच्यांचं आधी पोट पुढे येतं, मग कमरेत खड्डा पडतो, मग छाती खचते, खांदे पुढे येतात. कितव्या सेकंदाला हे सुरू झालं तो आकडा वहीत. त्या १२ वर्षांच्या मुलाचा आकडा ११ होता. ही निदानाची चाचणी नव्हे, ढोबळ माप आहे, पण मुलांना त्यात स्वतःचा विक्रम मोडायची संधी दिसते आणि तेच आपल्याला हवं असतं.

दुसरं माप भिंतीचं. टाचा भिंतीपासून चार बोटं पुढे, कुल्ले आणि पाठ भिंतीला टेकलेली, नजर समोर. हनुवटी वर न करता डोक्याची मागची बाजू भिंतीला लागते का? नसेल तर मधे किती बोटं बसतात ते लिहा. बोटं दर वेळी एकाच माणसाची.

तिसरं: फरशीवर उताणं झोपवा, हात बाजूला सैल. डोक्याच्या बाजूने बघा. खांद्याची मागची कड फरशीपासून किती वर आहे? अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त म्हणजे छातीतला एक छोटा, खोल स्नायू आखडला असावा. डावं-उजवं वेगळं मोजा.

चौथं माप खुब्याचं. भक्कम टेबलाच्या कडेवर मुलाला बसवा आणि एक गुडघा छातीशी धरून मागे झोपू द्या. दुसरा पाय कडेवरून लोंबू दे. लोंबणारी मांडी टेबलाला टेकायला हवी. ती हवेत राहत असेल तर खुब्याचा खोल स्नायू आखडलाय. मांडी टेकते, पण गुडघा वाकून खाली लोंबण्याऐवजी पाय पुढे सरळ होऊ बघतो, तर मांडीचा पुढचा स्नायू.

पाचवं माप म्हणजे फोटो. दाराच्या चौकटीला ओळंबा लावा, म्हणजे दोऱ्याला एखादी जड वस्तू बांधून सोडा. मूल बाजूने उभं करा, दोरा घोट्याच्या किंचित पुढे येईल असा. चांगल्या ठेवणीत कान, खांदा आणि खुबा साधारण त्याच रेषेत असतात. कॅमेरा कमरेच्या उंचीवर ठेवा, नाहीतर कॅमेऱ्याच्या कोनामुळेच पोक दिसतं.

एक गोष्ट आणखी तपासा. मुलाचा अंगठा मनगटाकडे वाकवला तर हाताच्या कोपरापुढच्या भागाला टेकतो का? कोपर, गुडघे सरळ करताना मागे वाकतात का? असं मूल अतिलवचीक असतं. त्याला ताण देण्याचे व्यायाम देऊ नका. त्याचे दोर आधीच सैल आहेत, त्याला फक्त बळ हवं. कितीतरी वेळा अशी मुलं पोक काढतात ती आखडलेली असतात म्हणून नव्हे. सांधे सैल असल्यामुळे ती हाडांच्या आधाराने लटकत असतात.

आधी सैल करा

ताण ३० सेकंद, प्रत्येक बाजूला दोनदा. ओढ जाणवावी, कळ नको. घड्याळापेक्षा श्वास मोजायला सांगा, पाच-सहा संथ श्वास म्हणजे साधारण तेवढं होतं.

छातीसाठी दाराची चौकट वापरा. हाताचा कोपरापुढचा भाग चौकटीवर टेकवायचा, कोपर खांद्यापेक्षा थोडं वर, आणि त्याच बाजूचा पाय एक पाऊल पुढे. छातीत पुढून ओढ यायला हवी. मुलं इथे हमखास कमरेतून मागे वाकतात आणि छाती तशीच राहते. पोट आत घेऊन ठेवायला सांगा.

पाठीच्या मधल्या भागासाठी टॉवेलची घट्ट गुंडाळी करून ती पात्यांच्या खालच्या टोकांशी आडवी ठेवा. त्यावर उताणं झोपायचं, हात डोक्यामागे, गुडघे वाकवलेले. पाच श्वास. मग गुंडाळी दोन बोटं वर सरकवा, पुन्हा पाच.

खुब्याच्या ताणाकडे जरा नीट लक्ष द्या, कारण तो बहुतेक जण चुकीचा करतात. एक गुडघा जमिनीवर, दुसरा पाय पुढे. बघून शिकलेली मुलं लगेच पुढे झेपावतात, कंबर मागे मोडते आणि ‘मस्त ताण बसतोय’ म्हणतात. तो ताण खुब्याला बसतच नाही, कमरेत जातो. पुढे जायचंच नाही. जागच्या जागी, जमिनीवरच्या गुडघ्याच्या बाजूचा कुल्ला घट्ट आवळायचा आणि पँटचं बटण हनुवटीकडे उचलायचं. फक्त एवढं. हालचाल इतकी लहान की बाहेरून दिसतही नाही, पण मूल लगेच म्हणतं, “आई गं, इथे!” आणि बोट बरोबर मांडीच्या वरच्या टोकावर ठेवतं. बोट कुठे पडतंय ते बघा. कमरेवर पडलं तर पुन्हा सुरुवातीपासून.

मांडीच्या मागचे स्नायू वाढीच्या वयात बऱ्याच मुलांचे आखडलेले असतात. उताणं झोपून मांडी उभी धरायची आणि गुडघा हळूहळू सरळ करायचा. पूर्ण सरळ झाला नाही तरी चालेल, ओढून करू नका.

मग काम द्या

खेचून सैल केलं आणि तिथेच थांबलं तर दुसऱ्या दिवशी सगळं पूर्वपदावर. खरा फरक इथे पडतो.

*मानेचा ‘हो’.* मला एकच व्यायाम द्यायची परवानगी असती तर हा दिला असता. उताणं झोपायचं. हनुवटी छताकडे वळत असेल तर डोक्याखाली पातळ घडी. आता ‘हो’ म्हणताना मान जेवढी हलते तेवढीच हलवायची, तीही अर्ध्या वेगाने. डोकं उचलायचं नाही. डोक्याची मागची बाजू फरशीला टेकूनच किंचित माथ्याच्या दिशेने सरकते, मानेची मागची बाजू लांब होते. पाच सेकंद धरायचं, सोडायचं, दहा वेळा.

सोपं वाटतं ना? आता तुमची दोन बोटं मुलाच्या मानेच्या पुढच्या बाजूंवर हलकेच ठेवा. कानामागून छातीच्या हाडाकडे येणारे दोन जाड दोर तिथे लागतात. ‘हो’ करताना ते कडक झाले तर काम चुकीच्या स्नायूंनी केलं. आपल्याला त्यांच्याही मागचे, मणक्याला चिकटलेले खोल स्नायू जागे करायचेत. बोटांखाली मऊ राहील इतकाच ‘हो’ करायला सांगा, मग तो अर्धा सेंटिमीटर का होईना. दात आवळले जातात का तेही बघा. दातांत थोडी फट, जीभ टाळूला. श्वास अडकू नये म्हणून मोठ्याने मोजायला लावा. पहिल्या दिवशी मुलं म्हणतात, “यात काय व्यायाम?” तिसऱ्या दिवशी मानेत दमल्यासारखं वाटतंय म्हणाली की समजा, लागलं.

*पालथं पडून वाय.* कपाळाखाली घडी, हात डोक्याच्या पुढे तिरके, अंगठे छताकडे. वरून पाहिलं तर इंग्रजी वाय. हात फरशीपासून दोन बोटं उचलायचे, तीन सेकंद, खाली. आठ वेळा, दोन फेऱ्या. हे काम पात्यांच्या खालच्या टोकाजवळच्या स्नायूंनी व्हायला हवं, पण मूल खांदे कानाला भिडवून फसवणूक करतं. मी माझं बोट त्याच्या कानाखाली, खांदा आणि कान यांच्यामध्ये धरते आणि सांगते, “माझं बोट चिरडू नकोस.” दहा शब्दांच्या सूचनेपेक्षा हे लवकर कळतं. तरीही जमत नसेल तर कोपर वाकवून हात अंगाजवळ आणा, आणि वायकडे पंधरा दिवसांनी परता.

*भिंत ढकलणं.* तळवे भिंतीवर, कोपर सरळ. कोपर न वाकवता छाती भिंतीकडे जाऊ द्यायची, मग भिंत दूर ढकलायची, म्हणजे पाठीचा वरचा भाग रुंद होतो. पंखांसारखी बाहेर आलेली पाती याने जागेवर बसायला शिकतात. दहा वेळा, दोन फेऱ्या. सोपं झालं की गुडघ्यांवर, जमिनीवर.

*कागदाची पट्टी.* हा पोटाचा व्यायाम, आणि मुलं तो मागून घेतात. उताणं झोपायचं, गुडघे आणि खुबे काटकोनात वाकवून पाय हवेत, हात छताकडे. कमरेखाली कागदाची लांब पट्टी आडवी सरकवा, एक टोक तुमच्या हातात. मूल एक पाय आणि विरुद्ध हात हळूहळू फरशीकडे नेतं, परत आणतं, मग दुसरी जोडी. तुम्ही पट्टी अलगद ओढत राहायचं. कंबर फरशीवरून सुटली की पट्टी सर्रकन हातात येते आणि मूल हरतं. सहा-सहा वेळा. पट्टी सुटत असेल तर पाय सरळ न करता फक्त टाच टेकवायची. ज्या घरात भावंडं आहेत तिथे मला सांगावंही लागत नाही, स्पर्धा आपोआप लागते. मोठ्यांनी एकदा स्वतः करून बघावं. माझी पट्टी चौथ्या वेळेला गेली होती.

कुल्ल्यांसाठी पूल: उताणं, गुडघे वाकवून, टाचा जवळ, कंबर उचलून पाच सेकंद, दहा वेळा. मांडीमागे गोळा येत असेल तर टाचा अजून जवळ घ्या. यात आणखी सांगण्यासारखं काही नाही.

किती आणि केव्हा

सगळे व्यायाम सगळ्यांना द्यायचे नाहीत. एकदा उत्साहाच्या भरात मी एका मुलीला ११ व्यायामांचा चित्रांसह कागद दिला होता. महिन्याने तो कागद परत आला, एकही घडी न मोडलेला. आता माझा नियम: दोन ताण आणि दोन कामं. वहीतल्या मापांत जे सर्वांत वाईट निघालं त्यावरून निवडा. भिंतीचं अंतर आणि खांद्याची उंची जास्त असेल तर छातीचा ताण, टॉवेल, मानेचा ‘हो’ आणि वाय. पाती पंखांसारखी दिसत असतील तर वायच्या जागी भिंत ढकलणं. मांडी टेबलाला टेकत नसेल आणि कमरेत खड्डा असेल तर खुब्याचा ताण, मांडीमागचा ताण, कागदाची पट्टी आणि पूल.

आठवड्यातून चार दिवस, १२ ते १५ मिनिटं. रोजच्या एका पक्क्या कामाला जोडून टाका, म्हणजे ‘नंतर करतो’ला जागा उरत नाही. झोपेच्या अगदी आधी नको, तेव्हा मुलं पेंगतात आणि सगळं उरकतात. परीक्षेच्या आठवड्यात फक्त मानेचा ‘हो’ आणि छातीचा ताण ठेवा, बाकी सोडून द्या.

पहिल्या तीन-चार आठवड्यांत स्नायू फुगलेले दिसणार नाहीत. वयात न आलेल्या मुलांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना नीट वापरायला शिकते म्हणून. म्हणूनच दहा घाईच्या वेळांपेक्षा सहा नेमक्या वेळा भारी पडतात. आणि व्यायामाने उंची खुंटते ही भीती मनातून काढून टाका.

हे १५ मिनिटांचं काम खेळाची जागा घेत नाही. ५ ते १७ वयासाठी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशा हालचालीची आहे. जे मूल धावतच नाही, त्याला माझे चार व्यायाम कुठवर पुरणार?

दप्तर आणि मोबाइलबद्दल विचारलं जातंच. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास ठेवावं, म्हणजे ३५ किलोच्या मुलाला साडेतीन किलो, दोन्ही पट्टे खांद्यावर आणि पाठीला चिकटून. पण खरं सांगू? दप्तर पाठीवर दिवसातून थोडा वेळ असतं, बाकावर बसणं तासन्तास. खुर्चीने केलेल्या गुन्ह्याचा मार दप्तर खातं. तेव्हा पाय जमिनीला किंवा पाटाला टेकतात का, टेबल कोपराच्या उंचीचं आहे का ते बघा. आणि अर्ध्या तासाने उठू द्या, निमित्त कसलंही असो. मोबाइल बघताना मान ६० अंश वाकली की २७ किलोचा भार येतो, असं एक चित्र सगळीकडे फिरतं. तो आकडा २०१४च्या एका संगणकीय प्रतिकृतीतून आला आहे, जिवंत मुलांच्या मानेवर मोजलेला नाही. ते चित्र दाखवून मुलाला घाबरवू नका. पोक आणि दुखणं यांचं नातं तितकं सरळ नाही. पोक असलेली कितीतरी मुलं मजेत हुंदडतात, आणि ताठ बसणाऱ्यांचीही पाठ दुखते. आपण हे करतो ते त्याच्या शरीराला जास्त पर्याय मिळावेत म्हणून.

सहा आठवड्यांनी वही उघडा आणि पाचही मापं पुन्हा घ्या, त्याच माणसाच्या बोटांनी. काहीच हललं नसेल तर आधी व्यायाम करताना बघा, नव्वद टक्के वेळा पद्धत बिघडलेली असते. पद्धत ठीक असूनही आकडे तिथेच असतील तर फिजिओथेरपिस्टला गाठा.

त्या १२ वर्षांच्या मुलाचा हात पुढे धरण्याचा आकडा ११ वरून ३० झाला होता. भिंतीचं अंतर चार बोटांवरून दोनवर आलं होतं. मांडी मात्र अजून पूर्ण टेकत नव्हती. आई म्हणाली, “पण टीव्ही बघताना अजून पोक काढतोच हो.” मी म्हटलं, “काढू दे, अर्ध्या तासाने उठतो ना?” उठत होता. मग मी त्याचं भिंत ढकलणं गुडघ्यांवर आणलं, खुब्याचा ताण तसाच ठेवला आणि पट्टीचा खेळ बंद केला, कारण तो आता हरतच नव्हता. निघताना त्याने टेबलावरची कागदाची पट्टी उचलून खिशात घातली. घरी बाबांवर लावून बघायची होती म्हणे.